जर्मनीतून स्वित्झर्लंडला स्वतः गाडी चालवत जायचंय. दोन्हीकडचे नियम सारखेच असतात का?

फ्रँकफर्टला गाडी भाड्यानं घेऊन सीमेवरच्या बाझलमार्गे ल्युसर्न, इंटरलाकेन असा तुमचा बेत दिसतोय. गाडी उजवीकडून आणि गावात वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर, एवढं सारखं. पुढे मात्र बराच फरक आहे. मी स्टुटगार्टकडे राहतो, सीमेपलीकडे येणंजाणं असतं.

जर्मनीत ऑटोबानवर (तिथला एक्स्प्रेसवे) पाटी नसेल तिथे वेगमर्यादा नाही. १३० ही नुसती शिफारस. त्यामुळे लक्ष मागे हवं. आरशात लांब दिसणारी गाडी तुम्ही डाव्या लेनमध्ये शिरेपर्यंत बंपरला येऊन टेकते. ओव्हरटेक झालं की निमूट उजवीकडे यायचं, आणि उजवीकडून ओव्हरटेक तर करायचंच नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची सवय विमानतळावरच सोडा.

बाझल ओलांडलं की नजर काट्यावर. मोटरवेला १२०, गावाबाहेर ८० (जर्मनीत तिथे १००). गावात मर्यादेपेक्षा ताशी पाच किलोमीटरपर्यंत जास्त वेगानं गेलात तर ४० फ्रँक, सहा ते दहाला १२०, अकरा ते पंधराला २५०. जर्मनीत गावात दहापर्यंत जास्तीला ३० युरोत सुटता. भाड्याची गाडी आहे म्हणून दंड चुकत नाही, उलट गाडीवाले वर आपलं शुल्क लावतात. दिवसाही दिवे चालू हवेत.

पाट्यांचे रंग नीट बघा. जर्मनीत ऑटोबानची पाटी निळी, स्वित्झर्लंडमध्ये मोटरवेची हिरवी. तिथली निळी म्हणजे साधा मुख्य रस्ता. जर्मनीची सवय घेऊन निळ्या पाटीमागे गेलात की गावागावांतून फिरत बसाल.

जर्मनीत कारला टोल नाही. स्विस मोटरवेला विन्येट, म्हणजे टोलचा पास, लागतं: ४० फ्रँक, एक दिवस जा की वर्षभर. नसेल तर २०० फ्रँक दंड, शिवाय विन्येट घ्यावं लागतंच. ऑनलाइन विन्येट नंबरप्लेटवर निघतं, म्हणून गाडी ताब्यात आल्यावरच काढा, तेही सरकारी साइटवरून. मधले लोक जास्त पैसे घेतात.

घाटात निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं तर तो पोस्टबसचा (स्विस टपाल खात्याची प्रवासी बस) रस्ता. समोरून बस आली आणि ड्रायव्हरनं मागे घ्या म्हणून खुणावलं, तर मुकाट्यानं घ्यायचं. तिथे त्याचंच ऐकावं लागतं.

आणि आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा. मूळ लायसन्सही सोबत लागतं.