घरी लागणारा षड्ज मैफलीत का हलतो?

प्रश्न : वय 26. दहा वर्षं शास्त्रीय गायन शिकते आहे. घरी रियाज छान होतो, पण मैफलीत तोंड कोरडं पडतं, षड्ज (सा) हलतो, आलापात श्वास पुरत नाही. एक मैत्रीण कार्यक्रमाआधी ‘धडधडीची गोळी’ घेते. मीही घेऊ का?

उत्तर : तुमचा गळा बिघडलेला नाही, हे आधी मनात पक्कं करा. श्रोते दिसले की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, लाळ आटते, गळ्याचे स्नायू आवळतात आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच राहतो. हवेचा दाब एकसारखा न राहिल्याने स्वर थरथरतो. तो ऐकून तुमचं सगळं लक्ष गळ्यावर जातं आणि तानपुरा ऐकू येईनासा होतो. खरं बिनसतं ते इथे. म्हणून बसल्यावर आधी फक्त तानपुरा ऐका, मध्य षड्ज आरामात लावा. तार सप्तकाची, म्हणजे वरच्या सुरांची, घाई नको.

‘खोल श्वास घ्या’ एवढा सल्ला पुरत नाही. भराभर मोठे श्वास ओढले तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. चार आकड्यांत नाकाने श्वास आत, सहा आकड्यांत सावकाश बाहेर, असं पाच मिनिटं करा. हे रोज रियाजाआधीही करा, म्हणजे ऐनवेळी नवखं वाटणार नाही.

एक सराव आवर्जून करा. दोन मजले भराभर चढा, लगेच बसा आणि बंदिश सुरू करा. (हृदयविकार किंवा दमा असेल तर करू नका.) धडधडत्या छातीनेही गाता येतं, हे शरीराला अनुभवानेच कळतं.

मग पायऱ्या ठरवा : मोबाइलवर एकाच दमात रेकॉर्डिंग, घरातली दोन माणसं, शेजारी, देवळातलं भजन, शेवटी मैफल. दर वेळी भीतीला दहापैकी गुण देऊन वहीत लिहा. आठची भीती चारवर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा. भीती शिगेला असताना मात्र उठू नका. उठल्यावर जी सुटका वाटते, तीच पुढची भीती वाढवते. बंदिशींच्या वहीत डोकं खुपसून गाणं आणि सारखं खाकरणंही सोडा; खाकरण्याने स्वरतंतूंना इजा होते.

आता गोळी. ती बहुधा प्रोप्रॅनोलॉल असावी. तिने कंप आणि धडधड कमी होते, मनातली धास्ती जात नाही. दमा असणाऱ्यांना ती धोक्याची आहे. नाडी मंद किंवा रक्तदाब कमी असेल तरीही जपून. मधुमेहात साखर उतरल्याची धडधड ती लपवते. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी तर मुळीच घेऊ नका. डॉक्टरांनी दिलीच, तर पहिली मात्रा घरी, कार्यक्रम नसलेल्या दिवशी घेऊन पाहा.

आमंत्रणं नाकारू लागलात किंवा आठवडाभर आधीपासून झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, यासाठी चांगली लागू पडते. मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी ‘टेली-मानस’ची 14416 ही मोफत फोनसेवा मराठीतही आहे. तज्ज्ञांकडे जाताना ती भीतीच्या गुणांची वही सोबत न्या.