फरार, फरारी आणि तोतया

प्रश्न असा: ‘केव्हिन मिटनिक या अमेरिकन हॅकरवर लेख लिहितेय. फरार हॅकर की फरारी हॅकर? परागंदा चालेल का? आणि तुरुंगातून सुटल्यावर तो कंपन्यांच्या सुरक्षेची कामं करू लागला, तेव्हाच्या मिटनिकला काय म्हणू?’

पहिलं सोपं आहे. मूळ अरबी ‘फरार’ म्हणजे पळून जाणं. त्याला ई लागून झालेला ‘फरारी’ म्हणजे पळालेला. व्युत्पत्ती बघायची तर फरारी बरोबर. पण ‘फरार आरोपी’ आपल्याकडे इतका रुळलाय की त्याला चूक ठरवणं म्हणजे उगाच कीस पाडणं. शिवाय ‘फरारी’ लिहिलंत तर निम्म्या वाचकांना लाल गाडी दिसेल. फरार लिहा.

परागंदा मात्र नको. फारसीत त्याचा अर्थ विखुरलेला. मराठीत दुष्काळापायी, जुलमापायी गाव सोडून देशोधडीला लागलेला माणूस परागंदा होतो. त्याच्याबद्दल आपल्याला कळवळा असतो. ‘भूमिगत’ही नको, त्याला बेचाळीसचा आणि साताऱ्याच्या पत्री सरकारचा मान चिकटलाय.

मुळात हा गडी दडी मारून बसलाच नव्हता. डेन्व्हरमध्ये वकिलांच्या एका फर्ममध्ये संगणक सांभाळायची नोकरी करत होता, ‘एरिक वाइस’ या नावाने. हे नाव जादूगार हुडिनीच्या खऱ्या नावावरून उचललेलं! सुमारे अडीच वर्षं गुंगारा देऊन १५ फेब्रुवारी १९९५ ला तो नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली शहरात सापडला. त्याचं मुख्य हत्यारही कीबोर्डपेक्षा टेलिफोन. आपण कंपनीतलेच आहोत अशा थाटात फोन करायचा, त्यांच्या खात्यातले दोन शब्द टाकायचे, की समोरचा हवं ते देऊन मोकळा. याला इंग्रजीतल्या ‘सोशल इंजिनिअरिंग’च्या धर्तीवर ‘सामाजिक अभियांत्रिकी’ म्हणतात. वाचणाऱ्याला वाटावं, वस्तीत गटार बांधतायत. आपल्याकडे तोतयेगिरी हा शब्द आहे की! पानिपतानंतर ‘मीच सदाशिवरावभाऊ’ म्हणत जो उभा राहिला, तो काय वेगळं करत होता?

आता शेवटचा प्रश्न. ‘पूर्वाश्रमीचा हॅकर’ लिहायचा मोह होईल, पण पूर्वाश्रम असतो संन्याशाला. मिटनिकने काही सोडलं नव्हतं. जानेवारी २००० मध्ये तो सुटला, पुढची तीन वर्षं इंटरनेटला हात लावायची बंदी होती. त्यानंतर तीच तोतयेगिरी, तीच घुसखोरी, फक्त आता ज्याच्या घरात शिरायचं त्याचीच लेखी परवानगी आणि वर मोबदला. पूर्वाश्रमीचा गुन्हेगार म्हणा, बिनचूक आहे. ‘नैतिक हॅकर’ पुष्कळजण लिहितात, मला त्यात मूल्यशिक्षणाच्या तासाचा वास येतो. मी ‘सुरक्षा-सल्लागार’ लिहीन आणि पुढच्याच वाक्यात त्याच्या व्हिजिटिंग कार्डाबद्दल सांगेन: ते धातूचं होतं, आणि त्यातून कुलूप उघडायच्या काड्या सुट्या करता येत.