९४ टक्के म्हणजे कशाचे ९४ टक्के?

प्रश्न : ताई, आमची निफाड तालुक्यात साडेचार एकर द्राक्षबाग आहे. मुलगी नीट क्वालिफाय झाली, पण सरकारी कॉलेज मिळेल इतके मार्क नाहीत आणि खाजगीचा आकडा ऐकूनच गप्प बसलो. गेल्या महिन्यात नाशिकला एका हॉटेलात कॅरिबियन बेटावरच्या मेडिकल कॉलेजचा सेमिनार होता. आधी प्री-मेड म्हणजे पूर्वतयारीचा कोर्स, मग दोन वर्षं बेटावर, पुढची दोन वर्षं अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत आणि शेवटी ‘९४ टक्के रेसिडेन्सी प्लेसमेंट’, म्हणजे पदवीनंतर तिकडच्या हॉस्पिटलांत पुढच्या प्रशिक्षणाची जागा. पडद्यावर मोठमोठ्या हॉस्पिटलांची नावं, पांढऱ्या कोटातल्या मुलामुलींचे फोटो. तीस तारखेच्या आत टोकन भरलं तर फीमध्ये सवलत म्हणतात. दीड एकर विकायची मनाची तयारी केली आहे. हा आकडा खरा असतो का? आणि तिकडे नाहीच जमलं तर मुलगी इकडे येऊन प्रॅक्टिस करू शकेल ना?
— एक बागायतदार, निफाड

उत्तर : भाऊ, आकडा खोटा असेलच असं नाही. तो कशावर काढलाय एवढंच त्या पडद्यावर लिहिलेलं नसणार.

माझं माहेर तासगावचं, त्यामुळे तुमच्याच भाषेत सांगते. एक्सपोर्टला गेलेल्या पेट्यांपैकी ९४ टक्के पास झाल्या, असं पॅकहाउसवाला म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो. पण लोकलला गेलेले घड, बेदाण्याला टाकलेला माल, अवकाळीत तडकलेले मणी हे त्या हिशेबात नसतातच. बाग किती एकर होती, हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता तसंच कॉलेजचं बघा. समजा, पहिल्या दिवशी बेटावरच्या वर्गात १०० मुलं बसली. काही पहिल्याच वर्षी नापास होऊन घरी गेली. मग येते स्टेप १ ही अमेरिकी परवान्याची परीक्षा. बरीच कॉलेजं त्याआधी स्वतःची एक चाळणी परीक्षा घेतात. त्यात पास झालात तरच स्टेप १ चा फॉर्म. म्हणजे ‘आमच्याकडे स्टेप १ ला एवढे टक्के पास’ हा आकडाही चाळून घेतलेल्या मुलांचा. पुढे स्टेप २, पुढे हॉस्पिटलांतल्या पाळ्या, म्हणजे एकेका विभागात शिकाऊ म्हणून काम. शेवटी रेसिडेन्सीचा अर्ज भरायला उरली ५०. त्यांतली ४७ कुठेतरी लागली. झाले ९४ टक्के! आणि पहिल्या दिवशीच्या शंभरांवर काढलेत तर ४७. उदाहरण माझं, पण रीत ही अशीच. माहितीपत्रकात तळाला बारीक अक्षरात ‘पात्र उमेदवारांपैकी’ असे शब्द सापडतात का, ते चष्मा लावून बघा.

हे मी रागानं लिहितेय असं वाटेल, म्हणून एक नोंदीतली गोष्ट सांगते. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, सेंट जेम्स स्कूल ऑफ मेडिसिन या कॅरिबियन कॉलेजविरुद्ध कारवाई केली. आयोगाचा आरोप असा, की रेसिडेन्सी ८३ टक्क्यांना मिळते असं कॉलेज सांगत होतं, प्रत्यक्षात २०१८ पासूनची सरासरी होती ६३. स्टेप १ चा निकाल ते ९६.७७ टक्के सांगायचे, आणि आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे आवश्यक अभ्यासक्रम पुरा केलेल्यांपैकी पास होत होते ३५ टक्के. प्रकरण १२ लाख डॉलरवर मिटलं. दशांशचिन्हानंतर दोन आकडे दिसले की माणसाचा विश्वास बसतो, नाही का?

आता ‘प्लेसमेंट’ या शब्दाबद्दल. इंजिनिअरिंगच्या कॅम्पस प्लेसमेंटसारखं इथे काही नसतं. मी स्वतः बाहेरून अमेरिकेत येऊन रेसिडेन्सी केली आणि आता ओहायोतल्या एका मध्यम हॉस्पिटलात दरवर्षी उमेदवारांच्या मुलाखती घेते, म्हणून ठामपणे सांगते. अमेरिकेत १९५२ पासून ‘मॅच’ नावाची पद्धत आहे. उमेदवार आपल्या पसंतीची यादी देतो, हॉस्पिटल आपली देतं आणि गणित दोघांची जोडी लावतं. या गणितामागच्या कामाला २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. यात कॉलेजचा हात कुठेही पोचत नाही. मॅनेजमेंट कोटा नाही, ओळख नाही. उलट २०१३ पासून नियम असा, की मॅचमध्ये भाग घेणाऱ्या हॉस्पिटलच्या रेसिडेन्सी प्रोग्रामनं आपल्या सगळ्या जागा मॅचमधूनच भरायच्या. त्यामुळे ‘आमचं हॉस्पिटलांशी टायअप आहे, तिथे सीट पक्की’ असं कुणी म्हणालं तर त्या टायअपचा अर्थ विद्यार्थ्यांना तिथे पाळी करायला मिळते, एवढाच.

मॅचवाल्यांचे स्वतःचे आकडे दरवर्षी जाहीर होतात. २०२४ मध्ये अमेरिकेतल्याच एमडी (ही तिकडची पहिली वैद्यकीय पदवी) कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली. परदेशी कॉलेजात शिकलेल्या अमेरिकी नागरिकांना ६७ टक्के. परदेशी कॉलेजात शिकलेल्या आणि अमेरिकी नागरिक नसलेल्यांना, म्हणजे तुमच्या मुलीच्या रांगेला, ५८.५ टक्के. त्या वर्षी एकूण जागा ४१,५०३ होत्या, तोवरच्या सर्वांत जास्त, तरीही हे चित्र. आणि हे टक्केसुद्धा पसंतीची यादी दाखल करणाऱ्यांवर काढलेले. एकही मुलाखत न आलेला मुलगा यादी भरणार कशाची? तो या हिशेबातही नाही.

तेव्हा कॅरिबियन कॉलेजचा ९४ हा आकडा अमेरिकी कॉलेजांच्या आकड्याच्या इतका जवळ का दिसतो, याचा विचार करा. (अमेरिकी कॉलेजंही जाहिरात करतातच. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी दुपारी मॅचच्या निकालाची पाकिटं फुटतात, रडारड, मिठ्या, त्याचे व्हिडिओ वर्षभर फिरतात. पण तिथे सगळ्यांचेच टक्के थोड्याफार फरकानं सारखे, म्हणून ते हॉस्पिटलांची नावं मिरवतात.)

एका मुलाचं सांगते. न्यू जर्सीतल्या एडिसनला वाढलेला, आईवडील साताऱ्याचे, पासपोर्ट अमेरिकेचा. बेटावरच्या एका कॉलेजातून आमच्याकडे पाळीसाठी आला होता. हात चांगला, पेशंटशी बोलणं त्याहून चांगलं. सर्जन व्हायचं डोक्यात होतं. मॅचच्या आठवड्यात सोमवारी ईमेल येतो, जागा मिळाली की नाही एवढंच सांगणारा. त्याला मिळाली होती. शुक्रवारी कळलं, ती ‘प्रिलिमिनरी सर्जरी’ची. म्हणजे एक वर्ष राबायचं, रात्रपाळ्या करायच्या आणि जूनअखेर बाहेर. पुढच्या चार वर्षांची हमी कुणीच दिलेली नसते. सप्टेंबरात तो मला आमच्या कॅन्टीनमध्ये भेटला आणि फोनवर कॉलेजचं नवं माहितीपत्रक उघडून दाखवलं. त्याचा फोटो, खाली ‘सर्जरी’ आणि हॉस्पिटलचं नाव. ‘प्रिलिमिनरी’ हा शब्द नाही. “काकू, आईनं हे सगळ्या नातेवाइकांना पाठवलंय,” म्हणाला आणि समोसा तसाच ठेवून उठला.

पुढच्या मॅचमध्ये त्याला सर्जरी मिळाली नाही. एक वर्ष लॅबमध्ये काम करत काढलं. त्यानंतर फॅमिली मेडिसिनमध्ये लागला, आज बरं चाललंय त्याचं. पण गंमत ऐका : त्या वर्षीच्या यादीतही त्याचं नाव आलं. एकच मुलगा, दोन वर्षांच्या दोन याद्यांत, दोन यशं. मधलं लॅबचं वर्ष कुठल्याच यादीत नाही. आणि त्याच्याकडे पासपोर्ट होता, भाऊ. व्हिसावरच्या मुलाला असं मधलं वर्ष ‘काढता’ येतंच असं नाही.

तुमचा दुसरा प्रश्न छोटा आहे, पण मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. भारताच्या नॅशनल मेडिकल कमिशनची नोव्हेंबर २०२१ ची नियमावली सांगते की किमान ५४ महिन्यांचा कोर्स आणि त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप एकाच परदेशी संस्थेत व्हायला हवी, आणि जिथली पदवी त्या देशाबाहेर प्रशिक्षणाचा कुठलाही भाग चालणार नाही. शिवाय त्या देशात प्रॅक्टिस करता येईल असा परवानाही हवा. दोन वर्षं बेटावर आणि दोन वर्षं अमेरिकेत हा आराखडाच या नियमात बसत नाही. म्हणजे तिकडे नाही जमलं तर इकडचं दारही लागलेलं. सेमिनारमध्ये हे कुणी बोललं होतं का?

टोकन भरू नका. सवलतीची तारीख पुढे सरकते, मी तरी आजवर न सरकलेली पाहिली नाही. त्याऐवजी कॉलेजला, एजंटला नव्हे, ईमेल करा आणि मुलीकडूनच लिहून घ्या : या ९४ टक्क्यांतल्या मुलांनी ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या तुकडीत पहिल्या दिवशी किती होते? त्यांतले किती पदवीधर झाले? त्यांतल्या किती जणांना पूर्ण मुदतीची रेसिडेन्सी, प्रिलिमिनरी वगळून, पहिल्याच प्रयत्नात मिळाली? आणि त्यांत भारतीय पासपोर्टवाले किती? टक्के नकोत, डोकी मोजून सांगा म्हणावं.

उत्तर आलं तर मासिकाच्या पत्त्यावर मला पाठवा, मी वाचून कळवेन. ‘आमचा प्रतिनिधी फोन करेल’ असं आलं तरी तेही पाठवा.