उरुसाच्या आठवड्यात मिरजेत

गेल्या अंकात मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यातल्या संगीत सभेवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. बहुतेकांना उरुसाच्या आठवड्यात इथं यायचंय, आणि बहुतेकांनी पहिल्याच ओळीत विचारलंय की यंदा कोण गाणार. त्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही, का ते पुढं कळेल. बाकीच्यांना देते.

आम्ही दोघं निवृत्त. पुण्या-मुंबईचे महोत्सव ऐकून झाले. दर्ग्यात शास्त्रीय गाणं होतं हे मात्र नवीनच कळलं. ही प्रथा कशी पडली? आणि आम्ही हिंदू आहोत, चालतं ना?
(ठाण्याहून एक वाचक)

दुसरं आधी सांगते. मीरासाहेब म्हणजे ख्वाजा शमना मीरा. त्यांच्या उरुसात मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. तो वाजतगाजत दर्ग्यात येतो, आणि सगळं गाव रस्त्याच्या दुतर्फा उभं असतं. तेव्हा तुम्ही कोण, हे इथं कुणी विचारणार नाही. डोक्यावर रुमाल किंवा पदर घ्या, चपला बाहेर काढा, एवढं पुरे.

आता गाण्याचं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ जन्माने उत्तरेतल्या कैरान्याचे, सन १८७२ चे. बडोद्याचा दरबार, मग पुणे, मुंबई असं फिरून शेवटी त्यांनी बिऱ्हाड केलं ते आमच्या मिरजेत. आजारपणात दर्ग्याच्या आसऱ्याला आले आणि बरे झाले, असं गावात सांगतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी उरुसात ते दर्ग्यात गायचे, हे खरं. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत छातीत दुखायला लागलं म्हणून ते सिंगपेरुमलकोइल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावर सतरंजी अंथरून प्रार्थना म्हणत बसले आणि तिथंच गेले. त्यांना मिरजेत आणलं गेलं. दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि सभा होते ती त्यांच्याच नावानं. हिराबाई बडोदेकर ही त्यांची लेक. तिच्यापासून गंगूबाई हनगल, भीमसेन जोशींपर्यंत किती जण इथं बसून गेले. भीमसेनजींचे गुरू सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचेच शिष्य, म्हणजे नातवानं आजोबांच्या दारी यावं तसंच ते. पुण्याचा तुमचा तो मोठा महोत्सव १९५३ पासून ज्या सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ होतो, त्यांचं मूळ इथं आहे. ठाण्याला हे नवीनच कळलं, याचं मिरजेला नवल!

पाच-सहा तासांचा प्रवास करून यायचं तर मोठं नाव कोणत्या दिवशी आहे ते आधी कळायला हवं. पत्रिका कुठं मिळेल?
(पुण्याहून एक वाचक)

पत्रिका दैनिकांच्या सांगली आवृत्तीत येते आणि गावात फलक लागतात. पण नाव बघून एक रात्र गाठायची आणि पहाटेच्या गाडीला बसायचं, असा बेत असेल तर पुण्यातच थांबा. तिथं खुर्ची तरी मिळेल. इथं गवई हजेरी लावायला येतो. समोर खाँसाहेब आहेत, दर्गा आहे, आणि आपण श्रोते त्यांच्यामागे. ज्याचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही, असा कुणी धारवाडकडचा किंवा सोलापूरकडचा पोरगा संध्याकाळी लवकर बसतो, मारवा रागाचा निषाद असा लावतो की पुढच्या मोठ्या माणसाला घाम फुटावा. हे तुम्ही उशिरा आलात तर हुकणारच. आणि मोठी माणसंही इथं वेगळी गातात. आटोपशीर गातात, टाळ्यांच्या तिहाया, म्हणजे तीनदा घेऊन समेवर आणायचे तुकडे, कमी करतात. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

तारखेचं म्हणाल तर उरूस चांद्रमासानं येतो, त्यामुळं दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीची तारीख धरून तिकीट काढू नका. दरसाल कुणीतरी काढतंच, आणि मग मला पत्र येतं.

मी चौथ्या वर्षाची गायनाची विद्यार्थिनी. उरुसाला येईन तेव्हाच तंबोरा घ्यायचा विचार आहे. काय बघून घ्यावा? ॲपवर भागवलं तर चालेल, असं काही जण म्हणतात.
(नाशिकहून एक वाचक)

ॲप रियाजाला चालतं, नाही म्हणत नाही. माझ्या क्लासातल्या मुली बसमध्ये त्यावरच गुणगुणतात. पण तंबोरा स्वतः लावायला शिकल्याशिवाय कान तयार होत नाही. पंचम जुळवताना दहा मिनिटं जी झटापट होते, तोच अर्धा रियाज.

सतारमेकर गल्लीत जरूर या. इथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना पाणी देणारी माणसं. संस्थानी काळात, १८५० च्या सुमाराला, त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि गल्लीचा धंदाच बदलला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूरकडच्या भीमाकाठच्या शेतांतून. ते वाळलेले भोपळे दुकानांच्या माळ्यावर टांगलेले दिसतील. त्यांना हात लावायच्या आधी विचारा.

आता काय बघायचं? पहिलं म्हणजे तुझी पट्टी, पेटीवर तुझा सा कुठं येतो ती. पांढरी पाचमध्ये गात असशील तर जनानी तंबोरा घे. मर्दानी काळी एकला बनवलेला असतो, त्याला ओढून ताणून वर नेलंस तर तारही तुटेल आणि आवाजही बसेल. दुसरं, भोपळा आणि गळा जिथं जोडलाय, तिथं बोट फिरव. भेग, लांबी (पुट्टी) भरल्याची खूण, रंगाचा जाड थर लागला तर उठून ये. दांडीचं लाकूड तुणाचं, चांगलं मुरलेलं हवं. ओलं लाकूड पावसाळ्यात वाकतं, आणि मग वर्षभर खुंट्या पिळत बसायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाची जवारी. घोडीवर तार जिथं टेकते, तो पृष्ठभाग अगदी किंचित उतरता केलेला असतो. कारागीर कानस घेऊन बसतो, दोन हात मारतो, तार छेडतो, ऐकतो, परत दोन हात मारतो. मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढं-मागं सरकवतो. एका जागी आवाज एकदम उमलतो, खर्जातून वरचा गंधार आपोआप ऐकू यायला लागतो. तो गंधार ऐकू येईपर्यंत पैसे काढू नकोस. नुसता झणझणाट म्हणजे जवारी नव्हे, दुकानात पुष्कळ जण त्यालाच भुलतात.

मात्र उरुसाच्या गर्दीत खरेदी करू नकोस. आल्यावर बघ, बोल, पट्टी सांग, ऑर्डर दे. तयार झाला की शांतपणे येऊन तासभर बसून ने. नेताना तारा सैल कर, आणि बसच्या टपावर टाकायचा विचारसुद्धा मनात आणू नकोस.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालेल का?
(छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक)

नको. तुमच्या मागं बसलेल्याला गवयाऐवजी तुमचा उजळलेला चौकोन दिसतो. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकायची असेल तर जुन्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणं आहेतच, ती घरी ऐका.

मुलगी दहावीत, तिला शास्त्रीय अजिबात आवडत नाही. आणावी का? एवढ्या रात्री बसवेल का तिला?
(कोल्हापूरहून एक वाचक)

आणा. कोल्हापूर काय लांब आहे! पण तिला रात्री गाण्याला बसवून "बघ, हे आपलं संगीत" असं म्हणत राहिलात तर पुढच्या दहा वर्षांची कटकट. दिवसा तिला सतारमेकर गल्लीत सोडा. एखादा म्हातारा कारागीर तबलीवर, म्हणजे वाद्याच्या दर्शनी फळीवर, नक्षी कोरताना दिसला तर ती तिथंच रेंगाळेल. मग उरुसातल्या जत्रेत पाळणा, बांगड्या, खाणं, जे हवं ते. संध्याकाळी एकच गायक ऐकवा, आणि कंटाळली की आईनं उठावं, बाबांनी बसावं. भांडण ठरलेलं असेल तर नाणं उडवा. शाल विसरू नका; उरूस हिवाळ्यात आला तर उघड्यावर बसणं सोपं नसतं.

गाडी, राहणं, आणि दुपारचा वेळ कसा घालवायचा?
(अनेकांचं एकत्र)

मिरज मोठं जंक्शन आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे इथूनच सुटली होती, तेवढ्यानं बऱ्याच जणांना गाव माहीत झालं. मुंबईकरांना रात्रीची महालक्ष्मी, दिवसाची कोयना. राहायला जागा पुष्कळ, कारण इथं वर्षभर दवाखान्यांसाठी लोक येत असतात. उरुसात मात्र आधी फोन करून ठेवा.

दुपारी सांगलीला जा, दहा किलोमीटर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते तिथंच, म्हणजे मराठी रंगभूमीचं गाव. वेळ असेल तर हरिपूरलाही जा. तिथं कृष्णा-वारणेचा संगम आहे, आणि 'शारदा' नाटकवाले गोविंद बल्लाळ देवल तिथलेच. संगमावर रमू नका मात्र. परतीची बस चुकली तर रिक्षावाला उरुसाचा भाव लावतो, आणि तोवर पहिला गवई बसलेला असतो.