रात्री उगाच वाजणारा अलर्ट

प्रोमिथियस, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवून बिघाडाचा अलर्ट देणारं सॉफ्टवेअर, नवीन लावलंस की पहिल्या आठवड्यात फोन सारखा वाजणार. वैतागून अलर्ट म्यूट करू नकोस. ती सवय एकदा लागली की खरी घंटाही ऐकू येत नाही, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

आधी अलर्टच्या नियमातली 'फॉर' ही ओळ बघ. ती नसेल तर सीपीयू क्षणभर ९० टक्क्यांवर गेला तरी अलर्ट सुटतो. तिथे १० मिनिटं लिहिलीस की तोवर अलर्ट 'पेंडिंग' राहतो, म्हणजे फोन वाजत नाही. मधे आकडा खाली आला की मोजणी पुन्हा शून्यापासून. आमच्याकडे रोज रात्री दोनला बॅकअप सुरू व्हायचा, सीपीयू चढायचा आणि ड्यूटीवरचा माणूस दचकून उठायचा. बिघाड कसलाच नसायचा. शेवटी सीपीयूचा तो अलर्टच काढला आणि वेबसाइट उत्तर द्यायला किती वेळ घेते, त्यावर लावला. ग्राहकाला त्रास होतोय का, हे त्यावरून कळतं.

डिस्कसाठी नुसती ८० टक्क्यांची रेघ मारू नकोस. २ टीबीच्या डिस्कवर उरलेले २० टक्के म्हणजे ४०० जीबी! 'प्रेडिक्ट लिनिअर' हे फंक्शन वापर. गेल्या सहा तासांच्या वेगाने पुढच्या चार तासांत जागा संपेल का, याचा अंदाज ते देतं.

नेटवर्क स्विच (सर्व्हर नेटवर्कला जोडणारा डबा) गेला की त्यामागचे सगळे सर्व्हर एकदम ओरडतात. अलर्टमॅनेजरमध्ये, म्हणजे प्रोमिथियसचे अलर्ट पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एक अलर्ट चालू असताना दुसरे दाबून ठेवणारा 'इनहिबिट' नियम लिहून ठेव, म्हणजे फक्त स्विचचा निरोप येईल. त्या नियमात 'इक्वल'खाली दिलेली लेबलं (अलर्टला लावलेल्या खुणा) मात्र दोन्ही अलर्टमध्ये तंतोतंत जुळव, नाहीतर तो नियम लागूच होत नाही.