डाळीतला खडा आणि 'तलवार'

प्रश्न : १९४६ साली मुंबईत नौसैनिकांनी बंड केलं ते निकृष्ट जेवणावरून, असं वाचलं. एवढ्याशा कारणावरून शिस्तीतला माणूस बंड करतो? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : डाळीत खडे होते, हे खरं. पण खड्यांवरून बंड होत असतं, तर मी नौदलात होतो त्या पंधरा वर्षांत आमच्या मेसने निदान पाच बंडं केली असती!

खडा कुठे पडला ते बघा. कुलाब्याचं 'तलवार' हे जहाज नव्हे, जमिनीवरची सिग्नल शाळा, म्हणजे संदेश पाठवायला शिकवणारा तळ. (नौदलात तळालाही जहाजासारखं नाव असतं, म्हणून घोळ होतो.) तिथली पोरं शिकलेली, युद्धात भरती झालेली. युद्ध संपलं, आता घरी धाडणार, पुढे अंधार. गोऱ्यांचा पगार जास्त. वर तळाचे प्रमुख कमांडर किंग यांच्या तोंडी आईवरून आणि 'हमालांची औलाद' अशा शिव्या. 'छोडो भारत'च्या घोषणा रंगवणारा टेलिग्राफिस्ट बी. सी. दत्त नुकताच पकडला गेलेला. १८ फेब्रुवारीच्या सकाळी पोरांनी न्याहारीला हातच लावला नाही.

पुढचं माझ्या धंद्यातलं. संदेश पाठवणारेच संपावर गेल्यावर बातमी अडवणार कोण? बघता बघता ती कराचीपर्यंत पोचली. ७८ जहाजं, २० तळ, जवळपास २०,००० माणसं. संप समितीचे एम. एस. खान अध्यक्ष, मदन सिंग उपाध्यक्ष. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे चढले. मागण्यांत जेवण होतंच, पण आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय फौज परत आणणं हेही होतं. हे काय डाळीवरून सुचतं?

वल्लभभाईंनी शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं, २३ तारखेला ती ठेवली. मग शेकडो जणांना काढून टाकलं आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतलं नाही. याचा मला आजही राग येतो.

मुंबईने मात्र त्यांना एकटं सोडलं नव्हतं. हरताळ झाला, गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं गेली. परळच्या कमल दोंदे त्यातल्याच. आणि जेवणाचं म्हणाल, तर लष्कराच्या वेढ्यात अडकलेल्या पोरांसाठी लोक गेटवेवर फळं आणि खाण्याच्या टोपल्या घेऊन उभे होते. दुकानदारांनीही हात आखडला नाही.