नव्या मॅडमसाठी, पहिल्या सत्रापुरतं

मॅडम, कराडच्या ऊसपट्ट्यात पहिलीच नेमणूक, त्यात द्विशिक्षकी शाळा. धाकधूक होणारच. पण पहिले आठ-दहा दिवस टाचणवहीच्या (रोजच्या पाठाची तयारी लिहायची वही) मागं लागू नका. आधी एकेका पोराला जवळ बसवून चार ओळी वाचून घ्या, एक हातच्याची वजाबाकी द्या.

माझ्या पहिल्या वर्षी एकानं ५२ वजा २७ चं उत्तर ३५ काढलं. मी फुली मारून मोकळा! तो मोठ्या अंकातून लहान वजा करत होता, ७ मधून २. हे कळायला मला दिवाळी उजाडली. मग काड्यांची दहाची जुडी त्याच्यासमोर सोडली, दोन दिवसांत जमलं.

बाकी चुका ठरलेल्या:

- पुस्तक संपवायची घाई.
- "समजलं का?" विचारणं. अख्खा वर्ग "होऽऽ" म्हणतो. पाटीवर करून दाखवायला सांगा.
- आकारिक मूल्यमापनाच्या (शिकवता शिकवता प्रत्येक मुलाची प्रगती टिपण्याच्या) नोंदी सत्राच्या शेवटी एका रात्रीत भरणं (आम्ही सगळ्यांनी केलंय हे). रोज दोनच मुलांची एकेक ओळ लिहा. 'प्रगती चांगली' नको, 'जोडाक्षरांत अडतो' असं.

साखर कारखाने पेटले की ऊसतोड मजुरांची पोरं येतील. त्यांनाही इयत्ता न बघता तीच वजाबाकी द्या. गुणांचे तक्ते, श्रेणी वगैरे दिवाळीनंतर बघू.